पडवीतली व्यायामशाळा

दिवाळी उलटली की आमच्याकडे रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. भरलेले ट्रक आणि टेम्पो जाताना खालच्या फांद्या त्यांना ओरबाडतात, आणि सकाळी पाहावं तर काट्याकाट्यावर पांढरे पुंजके थरथरत असतात. यंदाही ते दिसले आणि ऑटोत बसल्या बसल्या मी उजव्या हाताची बोटं उघडून पाहिली. मिटून नाही, उघडून. ही सवय मला बाबांच्या हातानं लावली.

मी खेळाच्या सामानाच्या दुकानात निघाले होते. पन्नाशी जवळ आली, खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, घरातच एक कोपरा मोकळा करा, दोनचार साधी साधनं आणा, रोज अर्धा तास द्या. दुकानदार तरुण आणि उत्साही होता. त्यानं आधी जागच्या जागी धावायचं यंत्र दाखवलं, मग सायकल, मग एकातच सात व्यायाम होतात असं एक लोखंडी धूड. मी विचारलं, हे धरायला किती जोर लागतो आणि सोडायला किती?

"सोडाले कायचा जोर लागते मॅडम?" तो म्हणाला.

जोर लागतो. एका हिवाळ्यात आमच्या घरात तीन माणसांचा सगळा जोर तेवढ्यासाठीच लागला होता.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बाबा सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की आत कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा मूठभर कापूस बाहेर काढायचा, ओल किती, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस किती, धागा किती लांब ते पाहायचं आणि प्रत सांगायची. त्यांच्या एका शब्दावर त्या गाडीचा भाव ठरायचा. दोन्ही हातांच्या चिमटीत पुंजका धरून ते हलकेच ओढत, तंतू एकमेकांवर ठेवत, पुन्हा ओढत. शेवटी डोळे मिटून अंगठ्यावर फिरवत. तीस वर्षं हेच केलं होतं. भाजी घेतानाही वांग्यावरून त्यांचा अंगठा तसाच फिरायचा आणि आई म्हणायची, घ्या आता, प्रत मागून सांगा.

त्या साली दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि घरोघरचा कापूस भिजला. खासगी व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला, म्हणून सगळ्या गाड्या सरकारी केंद्रावर आल्या. रांग फाटकाबाहेर, तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत. माणसं गाड्यांखालीच झोपत. बाबा संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाची लव असायची. सकाळचं वर्तमानपत्र आम्ही मोठ्यानं वाचणं सोडून दिलं होतं. एकदा कोणीतरी भर रस्त्यात त्यांची स्कूटर थांबवली. शिवी दिली नाही, फक्त विचारलं, "साहेब, कापूस वल्ला कोनं केला, आमी का?" बाबांनी ते जेवताना सांगितलं आणि ताटातली अर्धी भाकर तशीच ठेवून उठले.

पुढचं मला राळेगावकडच्या एका गृहस्थांनी सांगितलं, कारण ते त्यांच्याच गाडीपाशी घडलं. आधीच्या गाडीवरून बाचाबाची झाली होती. पाचपन्नास माणसं बाबांभोवती जमली होती. बाबांनी आवाज चढवला नाही. ते पुढच्या गाडीकडे वळले आणि कापसात हात घातला. हात घातला तो घातलाच. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. लोकांना वाटलं, साहेब आज फारच बारकाईनं पाहतायत. गाडीवाल्यानं विचारलं, साहेब, काय पाह्यता इतकं? बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर ते एका बाजूला ओघळलं. ज्यांच्याशी भांडण चाललं होतं त्यातल्याच दोघांनी त्यांना उचललं आणि दवाखान्यात आणलं. त्यांचा उजवा हात कापसातून दुसऱ्याच कोणीतरी बाहेर काढला होता.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आहे. उजवा हात, उजवा पाय. वाचा आठ दिवसांनी परतली. पाय दोनतीन आठवड्यांत ओढत ओढत चालू लागला. हात मात्र मांडीवर कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडून राहिला.

ऑफिसातले दोघंजण फळं आणि एक कागद घेऊन आले. होळीच्या आधी बाबांना वैद्यकीय मंडळापुढे जायचं होतं. कामाला लायक की नाही, ते तिथे ठरणार. त्यातला एक जण फरशीकडे पाहत म्हणाला की काही केंद्रं बंद होणार अशी हवा आहे, माणसं कमी करतील तर अनफिटवाल्यांपासूनच सुरुवात होईल. आईनं चहा पुढे केला. मी तेव्हा बी.एड. करत होते, तेवीस वर्षांची, घरातली एकुलती एक. कॅलेंडरवरच्या त्या तारखेभोवती मी पेन फिरवलं आणि ठरवलं, हा हात आपण चालवायचा.

दुसऱ्याच दिवशी बाजारात गेले. कडक स्प्रिंगची मूठ आणली, टणक रबरी चेंडू आणला, लोखंडी डंबेल्सची जोडी आणली आणि व्यायामाची सायकल सांगून ठेवली. दुकानात जे सर्वांत मजबूत दिसलं ते सगळं घेतलं. मजबूत सामानानं हात मजबूत होईल, इतका साधा माझा विचार होता. मागच्या पडवीतलं जळण, आईचं वाळवण, मोडकी खुर्ची असं सगळं हलवलं, सिमेंटची जमीन धुतली आणि बाबांना खुर्चीवर बसवून त्यांच्या तळव्यात चेंडू दिला. ते दाबत. मी मोजायची. शंभर झाले की आई पदरानं त्यांचा घाम पुसायची. आठवड्याभरात बोटं चेंडूभोवती वळू लागली तेव्हा मी शेजारी पेढे देऊन आले.

मग ती बोटं उघडेनाशी झाली. चेंडू काढून घेतला तरी मूठ तशीच. नखं तळव्यात रुतू लागली. तळवा धुवायचा तर आईला एकेक बोट उकलावं लागे आणि आतून आंबूस वास येई. बाबा मान फिरवून भिंतीकडे पाहत. मी म्हणायची, हा जोर आहे, जोर वाढला म्हणून असं होतंय. असे तीन आठवडे गेले.

सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या कुळसंगे मॅडमकडे आमचा नंबर लागला तो त्यानंतर. पांढरकवड्याकडच्या, सावळ्या, बोलायला तुटक. त्यांनी बाबांचं मनगट हळूच खाली वाकवलं आणि कुलूप निघावं तशी बोटं सैल झाली. मग विचारलं, चेंडू कोणी आणला?

मी म्हटलं, मी.

"मूठ आपोआप वळते," त्या म्हणाल्या. "उघडणं शिकवावं लागतं. तीन आठवडे तुम्ही त्यांना नको तेच शिकवलं."

मला वाटलं जमिनीत जावं. बाबा म्हणाले, "पोरीनं चांगल्यासाठीच केलं." बोलणं अजून जड होतं, त्या एका वाक्याला त्यांना वेळ लागला.

मॅडमनी मग घरात काय आणायचं त्याची यादी दिली नाही. तीन प्रश्न दिले. ही वस्तू ते कोणाच्या मदतीशिवाय धरू शकतील का? त्यांना ती आपणहून सोडता येईल का? हातातून पडली तर लागेल का? तिन्हींची उत्तरं मनासारखी असतील तरच ती वस्तू पडवीत येऊ द्या. आणि म्हणाल्या, ज्या व्यायामाला दुसरं माणूस लागतं तो व्यायाम आठ दिवसांत बंद पडतो, कारण दुसऱ्या माणसाला कामं असतात.

इतकी वर्षं झाली, पण साधन निवडायचं म्हटलं की मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. त्या तरुण दुकानदाराकडून मी परवा एक कप्पी, दोरी आणि दोन रबरी पट्टे घेऊन निघाले. तो जरा हिरमुसला. त्याची चूक नव्हती. मजबूत दिसणाऱ्या वस्तूची भूल मलाही पडली होती, आणि तिची किंमत मी माझ्या हातानं दिली नव्हती.

तेव्हा मॅडमकडून घरी येऊन मी सायकल नको म्हणून कळवलं. डंबेल्स दाराला टेकण म्हणून लावले. चेंडू पत्र्यावर फेकून दिला. मग घरभर तीन प्रश्न घेऊन हिंडले. कपड्यांचे चिमटे चालतील, दाबून उघडायचे आणि सोडायचे. भाकरीचं फडकं चालेल, टेबलावर पसरून त्यावर तळवा ठेवायचा आणि पुढे सरकवत न्यायचा. बोटांभोवती घालायला रबर चालेल, ते ताणत बोटं फाकवायची. भिंतीवर मी खडूनं आडव्या रेघा मारल्या, बोटांनी एकेक रेघ वर चढायला. पण उठबस करायला नेमक्या उंचीचं स्टूल, धरून चालायला दांडा, वर कप्पी, हे मला जमणारं नव्हतं.

ते शकीलचाचांनी केलं. शकीलचाचा बाबांचे शाळेपासूनचे मित्र. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची लेथची शेड होती, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या मशीनींचे पार्ट करायचे. त्या वर्षी निम्मे जिन बंद होते आणि चाचांची लेथही. ते सायकलवरून आले, पडवीत उभे राहून सगळीकडे पाहिलं आणि खिशातून मापाची पट्टी काढली. बाबांच्या कमरेची उंची घेतली, पावलापासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं, मग कॅलिपरनं तळव्याची रुंदी. बाबा ओशाळून म्हणाले, कायले एवढं, बाजारात मिळते सगळं.

"बाजारातलं सामान कोणाच्या मापाचं असते मधू?" चाचा म्हणाले. "तुह्या मापाचं मी बनवतो. काम नाही, खाली बसूनच तं हाओ मी."

चार दिवसांनी ते हातगाडीवर सामान घालून आले. भिंतीला कमरेच्या उंचीवर पाइपचा दांडा बसवला. आढ्याला कप्पी टांगली, तिच्यातून दोरी आणि दोरीच्या दोन टोकांना दोन मुठी. डाव्या हातानं ओढलं की उजवा आपोआप वर जायचा. मुठींवर त्यांनी जिनच्या जुन्या रोलरचं चामडं गुंडाळलं होतं, म्हणजे हात घसरणार नाही. स्टुलाच्या पायांना तीन ठिकाणी भोकं, बोल्ट काढून उंची कमी करता येईल असं. आज उंच, महिन्याभरानं मधलं, मग खालचं. सगळं बसवून झाल्यावर मी लगेच बाबांना वजन लावून द्या म्हणाले. चाचांनी मान हलवली. मशीन नवी असो का जुनी, आधी खाली, रिकामी फिरवायची, कापूस मग टाकायचा, असं ते म्हणाले, आणि पहिला आठवडा दोरीला काहीच बांधू दिलं नाही.

आता पहाटे नळ येण्याच्या वेळेला कप्पी करकरायला लागली. आई पाणी भरत असायची आणि एक कान पडवीकडे. करकर थांबली की तिचा हात थांबे. बाबा एकदा दांड्यापाशी पडले, उजव्या कुशीवर. आवाज झाला आणि आम्ही दोघी पोचेपर्यंत ते जमिनीवर बसून कोपराकडे पाहत होते. तिथून रक्त येत होतं. लागलं का, म्हटलं तर म्हणाले, नाही. मला ते सोशिकपणाचं उत्तर वाटलं.

बाहेर हंगाम चालूच होता. पडवीच्या मागच्या गल्लीतून टेम्पो जात, पत्रा थरथरे. केंद्रावर पुन्हा भांडण झालं, बदली ग्रेडर दोन दिवस कामावरच गेला नाही, असं कानावर येई. गावांकडच्या बातम्या येत, त्या कोणी पूर्ण सांगत नसे आणि कोणी पूर्ण ऐकत नसे. आमच्याही घरात श्वास धरूनच वावर होता. कॅलेंडरवरची तारीख जवळ येत होती आणि पहिलं बोट अजून उघडत नव्हतं.

एक दिवस बाबांनी चिमट्यांचं ताट डाव्या हातानं उडवून लावलं. चिमटे पडवीभर पसरले. "मले काय लहान लेकरू समजून राह्यली का?" ते म्हणाले. मीही थकले होते. मी म्हटलं, मंडळानं नापास केलं की बसा मग घरात, कापूस बघत खिडकीतून. बोलून गेल्यावर कळलं, आपण काय बोललो. आई दारात उभी होती. बाबा खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले आणि सांडलेले चिमटे उजव्या हातानं एकेक करून उचलू लागले. एक उचलायचा, ताटाशी न्यायचा, बोटं उघडायची वाट पाहायची. मी मदतीला वाकले तर त्यांनी डाव्या हातानं मला बाजूला केलं. दुपार होत आली तेव्हा ताट भरलं. त्या दिवशी तर्जनी पहिल्यांदा आपणहून सुटली होती.

माघ संपता संपता चार बोटं उघडू लागली. शर्टाची बटणं लागली. सही जमली, वेडीवाकडी, पण त्यांचीच. स्टूल सर्वांत खालच्या भोकावर आलं. चाचा म्हणाले, आता टाका कापूस.

मंडळाच्या पंधरा दिवस आधी आम्ही कुळसंगे मॅडमकडे गेलो. त्यांनी बाबांना चालवलं, पकड पाहिली, मान डोलावली. मग बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि ट्रेमधून कापसाचा एक बारीक पुंजका घेतला. म्हणाल्या, लागला की सांगा. डाव्या बोटांवर टेकवला, बाबा म्हणाले, हो. मग उजव्या तर्जनीच्या टोकावरून त्यांनी तो फिरवला, मग मधल्या बोटावरून, मग अंगठ्यावरून. बाबा डोळे मिटून शहाण्या मुलासारखे बसले होते.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "लावा ना मॅडम."

कापूस त्यांच्या अंगठ्यावरच होता.

मॅडमनी तो सावकाश ट्रेमध्ये ठेवला. बाबांनी डोळे उघडले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. मला वाटतं, त्यांना आधीच माहीत होतं, फक्त कोणी पाहिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हालचाल आली आहे, स्पर्श आलेला नाही. येईल कदाचित, वर्ष लागेल, दोन लागतील, किंवा नाही येणार. मंडळाच्या फॉर्मवर चालणं, पकड आणि सही एवढंच आहे. मला विचारलं तर मी खरं सांगेन. पण ते विचारणार नाहीत.

परतताना ऑटोत मी बाबांना म्हटलं, हे आईला नको सांगायला आणि मंडळालाही नको. डोळे आहेत, डावा हात आहे, तीस वर्षांचा अनुभव आहे. कोणाला कळणार? बाबा रस्त्याकडे पाहत होते. ते गप्प राहिले आणि मी ते गप्प राहणं होकार समजून घेतलं. भीतीनं माणूस किती चलाख होतो ते मी त्या ऑटोत शिकले. आज वर्गात एखादी मुलगी घाबरून खोटं बोलते तेव्हा मला तिच्यावर चटकन रागावता येत नाही.

मंडळाच्या खोलीत तीन डॉक्टर होते. बाबांना चालवलं, फाइल उचलायला लावली, टेबलावरची टाचणी उचलायला लावली. बाबांनी डोळे टाचणीवर रोखून ती उचलली. सही केली. एका डॉक्टरांनी कागद फिरवून पाहिला आणि लायक असल्याचा शिक्का मारला. बाहेर आल्यावर आईनं हात जोडले, कोणाला ते तिलाच माहीत. मी रडले. बाबा म्हणाले, चला, ऊन झालं.

रुजू व्हायच्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून केंद्रावर नेलं. हंगाम सरत आला होता तरी पंधरावीस गाड्या उभ्या होत्या. केंद्रप्रमुख आनंदानं पुढे आले. बाबांची जागा रिकामीच होती म्हणाले, बदलीवाल्याला ते झेपत नव्हतं. पहिल्याच टेम्पोजवळ एक बाई उभी होती, चाळिशीची, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. कापूस तिचाच होता. ती म्हणाली, पहा साहेब, कोल्ला हाये, वल्ला नाही, घरात ठेवलता. मी कडुनिंबाखाली थांबले.

बाबांनी उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत कापूस होता. त्यांनी तो दोन्ही चिमटींत धरला आणि ओढला. पुंजका उजव्या चिमटीतून निसटून खाली पडला. बाबांना ते कळलं नाही. ते समोर बाईकडे पाहत होते आणि रिकामी चिमटी तशीच अंगठ्यावर घोळवत होते, धागा जोखत असल्यासारखी. बाई त्यांच्या बोटांकडे पाहत होती, मग जमिनीवरच्या कापसाकडे. बाबांनी तिची नजर जिथे होती तिथे पाहिलं.

मग त्यांनी डावा हात आत घातला, बराच वेळ ठेवला, आणि केंद्रप्रमुखांकडे वळले.

"कापूस चांगला आहे साहेब," ते म्हणाले. "पण हे मी डाव्या हातानं सांगून राह्यलो. उजव्याले काही कळत नाही. हात हलते, तेवढंच मंडळानं पाह्यलं. मले या कामावरून काढा."

केंद्रप्रमुखांनी त्यांना बाजूला घेतलं. मी जवळ गेले होते, म्हणून ऐकू आलं. ते म्हणाले, अहो, आत्ता असं काही लिहून दिलं तर तुमचं नाव कोणत्या यादीत जाईल समजतंय ना? डाव्या हातानं करा, कोण विचारतो?

"डाव्याले सवय नाही," बाबा म्हणाले. "चुकलो तं नुकसान या बाईचं होईल. माहं नाही होणार."

त्यांनी तिथेच टेबलावर बसून अर्ज लिहिला, उजव्या हातानं, अक्षर पाहत पाहत. बाईच्या कापसाला दुसऱ्या ग्रेडरला बोलावून प्रत दिली, ती बाबा म्हणाले तशी चांगलीच निघाली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी स्कूटर सुरू करून बसले होते. अर्ध्या रस्त्यात मी एकदम बोलले, की तीन महिने कशासाठी केलं सगळं, मी परीक्षा बुडवली, आई झिजली, चाचांनी दांडा बसवला, हे एका वाक्यात घालवायला? बाबा मागून म्हणाले, वंदू, हळू चालव. घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "तू ऑटोत म्हणाली तवा मी हो म्हटलं नोहतं."

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. स्पर्शाचंही. मला वाटलं ती बाबांवर चिडेल. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो तळवा रोज कोण धुते? बोटं उकलताना माणूस कधीतरी हाय म्हणते." मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला यातून वगळलं, हे तिला लागलं होतं.

बाबांना घरी बसवलं गेलं नाही. जिल्ह्याच्या ऑफिसात जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं, हुद्दा उतरवून. केंद्रप्रमुखांनी शब्द टाकला की ती खोली कोणालाच नको होती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. जुने सहकारी हळूहळू येईनासे झाले. त्यांच्यातल्या काहींना बाबा वेडे वाटले, काहींना बाबांकडे पाहिलं की अवघड वाटे. केंद्र पुढच्या हंगामात उघडलं, त्याच्या पुढच्यात नाही.

मला वाटलं होतं, आता पडवी पुन्हा जळणाची होईल. मंडळ नाही, तारीख नाही, शिक्का नाही. पण सकाळी नळ आला की कप्पी करकरू लागे. उलट आता बाबा जास्त वेळ करत. शकीलचाचा शुक्रवारी नमाजानंतर येत, कप्पीला तेलाचे दोन थेंब सोडत आणि चहा पीत बसत. बाबांनी माझ्याकडून एक थैली शिवून घेतली होती. तिच्यात सरकी, तुरीची डाळ, खडे, बटणं असं काहीबाही घालून ते आत हात घालत आणि न पाहता ओळखायचा प्रयत्न करत. रोज चुकत. मी एकदा विचारलं, आता कायले? ते म्हणाले, हात माहाच आहे ना.

त्यानंतरचा दुसरा उन्हाळा. गच्चीवरची पाण्याची टाकी दिवसभर तापायची. मे महिन्यातली दुपार. मी माहेरी आले होते. बाबा जेवून मागच्या नळावर हात धुवायला गेले आणि त्यांनी एकदम हात मागे घेतला.

"पोळलं," ते म्हणाले, आपल्याशीच.

आई भांडी घासायला बसली होती. तिनं राखेचे हात तसेच ठेवून वर पाहिलं. कोणता हात, तिनं विचारलं. बाबांनी हाताकडे पाहिलं. पाणी गळत होतं, बोटांची टोकं लाल झाली होती. त्यांनी तो हात थोडा वर धरला, उजवा.

आई उठली. तिनं बाबांचं मनगट धरलं, नळाखाली नेलं आणि तोटी फिरवली. बाबांनी हात हिसकला. तिनं पुन्हा धरला.

"अवो, पोळते ना."

"पोळू द्या," आई म्हणाली, आणि तिनं पाणी चालूच ठेवलं.